एका टोपल्याला चार हात

दुपारी जेवून आडवी झाले की माझा डोळा लागतो, आणि डोळा लागला की मला हात दिसतात. चेहरे नाहीत, अंग नाही, नुसते वर उचललेले हात. कोपरापर्यंत घसरलेल्या बांगड्या, शिंगाड्याच्या काट्यांनी ओरखडलेली बोटं, मातीने काळी पडलेली नखं. मागे धुकं असतं. धुक्याखाली पाणी आहे हे मला ठाऊक असतं, पण ते दिसत नाही. मग कुणीतरी खालच्या आवाजात "हं" म्हणतं आणि सगळे हात एकदम वर जातात. तेवढ्यात नात चहाला हाक मारते. नात म्हणजे मी जिला नात म्हणते ती. खरं तर ती माझ्या मैत्रिणीची नात आहे. डाव्या बाजूने हाक मारू नको, तिकडून मला ऐकू येत नाही, हे तिला मी हजारदा सांगितलंय. ती डावीकडूनच मारते, मग खांदा हलवते, आणि स्वप्न सगळं अंथरुणावर सांडतं.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. पण फुलचूरच्या वाटेवर इंग्रज कधी आला नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. फुलचूर तेव्हा खेडं होतं. चारी बाजूंनी धानाची शेतं, मधे बैलगाडीची वाट, आणि त्या वाटेने कोसभर गेलं की गोंदियाचा बाजार. लांबून आधी धानगिरण्यांची धुराडी दिसत, मग भोंगा ऐकू येई, मग छोट्या आगगाडीची शिट्टी. आठवड्यातून दोनदा आम्ही बाया त्या वाटेने माल घेऊन जायचो. मी पोहे विकायची.

भरलेलं टोपलं एकटीने डोक्यावर घेता येत नाही, हे ज्यांनी कधी घेतलं नाही त्यांना सांगावं लागतं. दोघी लागतात. समोरासमोर उकिडवं बसायचं, दोघींनी काठ धरायचा, "हं" म्हणायचं आणि एका दमात उठायचं. टोपलं छातीशी येतं, मग कपाळाशी, मग एकीने मान किंचित वाकवून ते डोक्यावरच्या कापडी चुंबळीवर घ्यायचं. या सगळ्यात एक क्षण असा येतो की दोघींचे चेहरे वीतभर अंतरावर असतात. पदर मागे सरकलेला असतो. हात वर, बांगड्या खाली. त्या क्षणी काही म्हणजे काही झाकता येत नाही. नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना इतक्या जवळून आणि इतक्या उजेडात बघत नसतील. आम्ही आठवड्यातून दोनदा बघायचो.

हे व्हायचं ते गावाबाहेरच्या बोडीवर. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. घरून निघालं की तिथवर येईतो मान मोडून जायची. मग सगळ्या पाळीवर, म्हणजे बांधावर, टोपली उतरवायच्या, पाय धुवायच्या, मागे राहिलेलीची वाट बघायच्या आणि मग एकमेकींना ओझी चढवून द्यायच्या. शेवटची मागे राहू नये म्हणून एक रीत होती. डोक्यावर ओझं असलेली बाई दुसरीला वाकून मदत करू शकत नाही, म्हणून शेवटची एकटी उरली की वाटेवरून जाणाऱ्या कुणा म्हातारीला, गुराख्याला, नाहीतर देवळाच्या पुजाऱ्याला हाक मारायची. तो येईपर्यंत बाकीच्या सगळ्या डोक्यावर ओझी घेऊन उभ्या राहायच्या. मानेच्या शिरा ताणलेल्या, पण कुणी पाऊल टाकायची नाही. पुजारी सोवळ्यात असला तर फार मजा यायची.

आमच्यातली मोठी म्हणजे शिंगाडेवाली. ढिवराची, म्हणजे कोळ्याची म्हातारी, सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. पुढचे चार दात नव्हते, त्यामुळे तिचं हसणं तोंडभर काळं दिसायचं, पण आवाज असा की बाजाराच्या एका टोकाला ती ओरडली तर दुसऱ्या टोकाचा कुत्रा उठून बसायचा. दुसरी मरारीण, भाजीवाली, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी. ती वांग्यांना गावातल्या पुरुषांच्या पदव्या द्यायची. सगळ्यांत फुगलेलं वांगं पटेल, किडकं ते कोतवाल, देठाला काटे असलेलं ते तिचा स्वतःचा दीर. गिऱ्हाईक कोतवालाला उचलून उलटंपालटं बघायला लागलं की ती गंभीर तोंडाने माझ्याकडे बघायची आणि मी हसत सुटायची. तिसरी पळसाच्या पत्रावळी विकणारी गोंड बाई. ती लांबून, जंगलाकडून यायची. तिला आमची बोली फारशी येत नव्हती आणि आम्हाला तिची गोंडी. तिच्या पत्रावळींचा भारा एवढा हलका की तो ती एका हाताने डोक्यावर ठेवू शकली असती. तरी ती बसून वाट बघायची, कुणीतरी समोर येऊन बसेपर्यंत.

माझं लग्न झालं तेव्हा मी सोळाची होते. नवरा गोंदियाच्या एका धानगिरणीत पोती रचायच्या कामाला. देखणा होता. खोटं कशाला लिहू, मला तो फार आवडायचा. संध्याकाळी तो गिरणीतून आला की त्याच्या केसांत, भुवयांत कोंड्याची बारीक पूड असायची आणि तो सोन्याने माखल्यासारखा दिसायचा. मी त्याला अंगणात बसवून पाणी घालायची. ते दिवस मला अजूनही उन्हात वाळत घातलेल्या पोह्यांच्या वासासारखे आठवतात, गोडसर आणि थोडे आंबूस.

मग गिरणीत त्याला कुणीतरी म्हणालं, "तेरी घरवाली तो बाजार में बहुत हँसती है."

बस, एवढंच. कुणाबरोबर हसते, कशाला हसते, काही नाही. त्या संध्याकाळी त्याने मला विचारलं, "काऊन हासत राहतेस?" मी सांगितलं, वांग्यांना हसते. खरं तेच होतं. पण असलं खरं कोण मानणार? त्याने मारलं. दुसऱ्या दिवशी जिलेबी आणली. मी जिलेबी खाल्ली, तेही लिहून ठेवते.

त्यानंतर मी बाजारात हसणं बंद केलं. पण मारायला लागलेल्या माणसाला कारण पुरतंच असं नाही. मी हसत नाही म्हणून तो म्हणायचा, तोंड पाडून बसतेस, लोकांना काय दाखवून राहिलीस? सासरे घरातच असायचे. त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं, पण डोळे चांगले होते. सकाळी घरून टोपलं तेच उचलून द्यायचे. समोर उकिडवे बसायचे, काठ धरायचे, आणि टोपलं वर येताना डोळे मिटून घ्यायचे. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारपण आहे, जोर लावताना मिटत असतील. मग लक्षात आलं की माझ्या गालावर काही नसेल त्या दिवशी ते मिटत नाहीत.

थंडी सुरू झाली होती. एका संध्याकाळी त्याने मला कानशिलात मारली आणि माझ्या डाव्या कानात काहीतरी फुटलं. दुखलं ते नंतर. आधी नुसता आवाज झाला, पाण्यात दगड बुडावा तसा, आणि त्यानंतर त्या बाजूचं जग तळ्याखाली गेलं. गंमत वाटेल, पण मला ते पहिल्यांदा बरंच वाटलं. तो बोलत होता आणि मला अर्धंच ऐकू येत होतं. मी चुलीकडे बघत राहिले. ज्वाळा हलत होत्या, आणि आमच्या घरात आता सगळे मिळून धड कान किती, असा काहीतरी विचार माझ्या डोक्यात चालला होता. सासऱ्यांचा एकही नाही, माझा एक. नवऱ्याचे दोन होते, पण ते लोकांच्या तोंडाला लावलेले.

बाजाराच्या दिवशी मी आरशात पाहिलं. कानातून वाहिलेलं वाळून मानेवर उतरलं होतं, गाल सुजून डोळा बारीक झाला होता. असल्या चेहऱ्याने मावशीसमोर वीतभर अंतरावर बसायचं? मला मारल्याची लाज वाटत होती. त्याला वाटत नव्हती, मला वाटत होती. हे उलटं कसं असतं, ते मला आजही कळलेलं नाही.

तर मी शहाणपणा केला. बोडीच्या पाळीवर, चिंचेखाली, कमरेएवढा दगडी ओटा होता. कोण्या मालगुजाराने, म्हणजे जमीनदाराने, वाटसरूंसाठी बांधलेला. एकटा माणूस लाकडाचा नाहीतर गवताचा भारा घेऊन आला की ओझं त्या ओट्यावर सरकवायचा, दम खायचा आणि खाली वाकून पुन्हा डोक्यावर ओढून घ्यायचा. दुसऱ्या हाताची गरज नाही. आम्ही बाजाराच्या बाया त्या ओट्याला कधी शिवायचो नाही. मी त्या दिवशी उजाडायच्या आत निघाले, टोपलं ओट्यावर टेकवलं, दम खाल्ला, पुन्हा घेतलं आणि सगळ्यांच्या आधी बाजारात जाऊन पदर ओढून बसले. पुढच्या बाजाराला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. कुणी काही विचारलं नाही, तेव्हा मला वाटलं, जमलं.

केवढी मूर्ख होते! पाळीवरच्या ओल्या मातीत माझी पावलं ओट्याकडे गेलेली होती, दगडावर चार पोहे सांडलेले असायचे, आणि त्या वाटेवरच्या बायांना दुसरं काही वाचता येत नसलं तरी एवढं येत होतं. सोबत असताना जी ओट्यावरून ओझं घेते तिला आपला चेहरा कुणाला दाखवायचा नसतो. मी लपवत होते तेच मी आठवड्यातून दोनदा दगडावर मांडून जात होते.

चौथ्या वेळी मी आले तर ओट्यावर शिंगाड्यांचं टोपलं होतं. शेजारी मावशी पाय हलवत बसली होती. धुकं इतकं दाट की तिचे पाय दिसत होते आणि खालची जमीन दिसत नव्हती.

"आज ओटा माहा आहे," ती म्हणाली.

माझी मान मोडत होती. मी टोपलं सरळ खाली, पाळीवर उतरवलं. आता ते एकटीने वर येणार नव्हतं. मावशी उतरली, माझ्यासमोर उकिडवी बसली, काठ धरला. मी खाली बघत राहिले.

"मान वर कर वो. नाहीतर चुंबळ सरकते."

मी मान वर केली. टोपलं वर यायला लागलं. तिचा चेहरा माझ्यासमोर आला, सुरकुत्यांचा, तळ्यातल्या गाळाच्या रंगाचा, आणि तिने माझ्या कानाकडे, गालाकडे सावकाश बघून घेतलं. घाई केली नाही. टोपलं मधेच, छातीशी धरून ठेवलं. पोह्यांचं एवढं वजन, आणि म्हातारीचे हात थरथरत नव्हते.

"माहे दात," ती म्हणाली, "लोकायले वाटते म्हातारपनानं पडले. मी तवा बावीस वर्साची होतो."

मग "हं" म्हणाली आणि टोपलं माझ्या डोक्यावर बसवलं. मला रडू फुटलं. डोक्यावर ओझं असलं की डोळे पुसता येत नाहीत, दोन्ही हात वर असतात. मी तशीच बाजारापर्यंत गेले. धुक्यात कुणाला दिसलं नाही, आणि मोकळं इतकं वाटलं की ती वाट संपूच नये असं झालं होतं.

त्यानंतरच्या बाजारांना प्रत्येकीने मला टोपलं चढवून दिलं. कुणी विचारपूस केली नाही, कुणी च्च-च्च केलं नाही. टोपलं छातीशी आलं की ज्या-त्या बाईने आपलं काय ते सांगायचं, एका वाक्यात, आणि "हं" म्हणायचं. मरारणीने मनगटाचा डाग दाखवला. "हे तव्याचं. सासूनं धरलं, नवऱ्यानं टेकवला," असं तिने वांग्याची जात सांगावी तशा सुरात सांगितलं. गोंड बाईला सांगायला शब्द नव्हते. तिने टोपलं वर येताना मान तिरपी केली, गळ्यावर एक जुनी पांढरी रेघ होती. मी विचार करायची, या सगळ्या बाजारात एवढ्या खळखळून हसतात, त्यांचं हसणं कुठून येतं? मावशीला विचारलं तर म्हणाली, "घरचं उरते ना वो. तेथी हासाले भेटत नाही, मंग येथी आनून हासतो." मी पुन्हा हसायला लागले.

ते अर्थातच गिरणीत पोचलं. त्याने माझं टोपलं अंगणात पालथं घातलं आणि त्यावर पाय दिला. बांबूच्या कामट्या मोडल्याचा आवाज मी उजव्या कानाने ऐकला. "आता बाजार बंद," तो म्हणाला. "घराच्या भायेर पाय टाकला तर तोडून ठेवीन." मी त्याचं तोंड बघत होते आणि मला कळत होतं की प्रश्न पोह्यांचा नाही. बाजार गेला की बोडी गेली, बोडी गेली की ते वीतभर अंतर गेलं. मग माझा चेहरा बघणारं जगात एकच माणूस उरत होतं, आणि ते डोळे मिटून घेत होतं. त्या घरात मी मेले असते तर बाहेर फक्त एवढंच कळलं असतं की पोहेवाली हल्ली येत नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी सडा टाकून आत गेले होते. उजाडलं होतं, धुकं अजून कौलांवर बसलेलं. अंगणात काहीतरी टेकल्याचा आवाज आला. मग आणखी एक. मी दारातून पाहिलं आणि क्षणभर मला वाटलं मी झोपेत आहे. धुक्यातून एकेक बाई येत होती, एकमेकींच्या मदतीने ओझं उतरवत होती आणि टोपल्यावरचं फडकं काढून बसत होती. अकरा जणी होत्या. शिंगाडे, वांगी, मिरच्या, मुरमुरे, पत्रावळी. आमच्या अंगणात बाजार भरला होता.

सगळ्यांत आधी गिऱ्हाईक म्हणून कोण आलं असेल? माझे सासरे. हातात ताटली घेऊन मावशीसमोर जाऊन बसले, जणू हे रोजचंच आहे. तिने शिंगाडे घातले. ते तिथेच बसून सोलून खायला लागले. मग शेजारपाजारच्या बाया आल्या. फुकटचा तमाशा आणि घरबसल्या भाजी, कोण सोडणार? कुंपणाशी माणसं जमली.

नवरा गिरणीला निघायला बाहेर आला आणि उंबऱ्यातच थांबला. पाय ठेवायला जागा नव्हती.

"हे काय लावलं येथी? उठा!"

"उठतो ना बापू," मावशी म्हणाली. "उठालेच आलो. पन टोपलं का एकटीनं उठते? तुह्या बायकोले धाड हात लावाले."

"ते नाही येनार."

"मंग तू लाव. तू तं गिरनीतला, तुले वजनाचं काय भेव?"

कुंपणाशी कुणीतरी हसलं. तो चिडला, आणि चिडून त्याने तेच केलं जे करायला नको होतं. तो मावशीसमोर उकिडवा बसला, काठ धरला आणि उचललं. मी दारातून बघत होते. टोपलं छातीशी आलं आणि मावशीने ते धरून ठेवलं. त्याला सोडताही येईना, वर नेताही येईना. दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर. तिने ओठ मागे ओढून त्याला आपलं तोंड दाखवलं आणि हळू म्हणाली, "नीट पाहून घे. असा होते मंग चेहरा."

मग मरारीण बसली. तिने मनगट दाखवलं. मग मिरचीवाली. मग मुरमुऱ्यांची. कुणी काही बोलली, कुणी नुसती बघत राहिली. पाच-सहा जणींनंतर त्याचा जोर ओसरला. वजनाने नव्हे, पोती उचलणारा माणूस तो. डोक्यावर ओझी घेतलेल्या बाया मात्र जागची हलत नव्हत्या, शेवटचीची वाट बघत उभ्या होत्या. शेवटी गोंड बाई उरली, पत्रावळींच्या भाऱ्याजवळ बसलेली.

"हे तं तूच उचलशील," तो म्हणाला.

ती बसून राहिली. तो बसला, भारा वर आला, त्या बाईने मान तिरपी केली. त्याने डोळे खाली घातले. मला वाटलं होतं, मला आनंद होईल. मला त्याची कीव आली, आणि त्या कीवेचा मला राग आला.

तेव्हा मरारीण डोक्यावरच्या भाजीसकट माझ्याकडे वळली, पूर्ण अंगाने, कारण मान वळवता येत नाही. "तुहं टोपलं बुरडीनीनं नवं करून देल्लं. भिंतीजवर आहे." खरंच, भिंतीलगत हिरव्या बांबूचं कोरं टोपलं होतं. मी घरातले पोहे आणून त्यात भरले. माझे हात इतके हळू चालत होते की जणू पाण्यात काम करते आहे. मग अंगणाच्या मधोमध टोपलं ठेवलं आणि त्याच्यासमोर उकिडवी बसले.

त्याने काठ धरला. टोपलं वर आलं. मी मान वर केली, आणि डावा कान त्याच्याकडे केला. सासरे शिंगाडा हातात धरून बघत होते, डोळे उघडे. त्याने पाहिलं. त्याने आपलंच काम पाहिलं, उजेडात, अकरा बायांसमोर. त्याने टोपलं घाईने वर ढकललं आणि ते माझ्या डोक्यावर तिरपं बसलं.

इथे ही आठवण थांबवली तर फार छान होईल. तो सुधारला असं तुम्ही समजाल. दोन महिने तो सुधारलाही. मग एकदा त्याने पाठीवर मारलं, दिसू नये अशा जागी. तेवढं तो अंगणात शिकला होता. पुढच्या बाजाराला बोडीवर मावशीने काठ धरला, "हं" म्हटलं, आणि माझे हात खांद्याच्या वर गेलेच नाहीत. तिने टोपलं परत खाली ठेवलं.

"पाठ काय?"

मी मान डोलावली.

ती बोडीकडे वळली. शिंगाड्याच्या वेलीवर एक पाणकोंबडी चालली होती. मग म्हणाली, "चढवून देनं आमचं वो. चालनं तुहं. कोनत्या बाजूनं ते तूच सांग." त्या संध्याकाळी बाजारातून परतताना मी बोडीवरून फुलचूरकडे वळलेच नाही. मावशीच्या झोपडीकडे, ढिवरांच्या मोठ्या तळ्याकाठी गेले. सासऱ्यांसाठी जीव तुटला. बाकी कशासाठी तुटला नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल.

मी मावशीच्या घरून पोहे विकायला जायची. नवरा कधीकधी बाजाराच्या सकाळी ओट्यापाशी दिसायचा. बाया असायच्या, त्या मला चढवून द्यायच्या आणि आम्ही जायचो. मग एक सकाळ अशी आली की मावशी तापाने पडली होती, मरारीण बाळंत झाली होती, बाकीच्या पुढे निघून गेल्या होत्या. मी एकटीच बोडीवर पोचले. मान मोडत होती. ओट्यावर टेकवण्याशिवाय इलाज नव्हता. टेकवलं, दम खाल्ला, आणि चिंचेमागून तो आला. भुवयांत तीच कोंड्याची सोनेरी पूड, कालची, न धुतलेली. उन्हाची तिरीप त्याच्यावर पडली होती. बारीक झाला होता.

तो ओट्याच्या पलीकडे येऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. टोपल्याच्या काठाला लावले. "मी देतो चढवून," म्हणाला. आवाज मऊ होता. डाव्या बाजूला उभा असल्यामुळे मला तो पाण्यातून आल्यासारखा आला.

ओट्यावरून एकटीने ओढून घेता येतं, पण त्या दिवशी माझी पाठ तेवढी धड नव्हती. भरलेलं टोपलं घ्यायचं तर त्याचे हात हवे होते. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. ओळखीचे हात, खरबरीत, रुंद. ते मला आवडायचे. मी टोपलं माझ्याकडे ओढलं, तिरपं केलं आणि पोहे ओट्यावर ओतायला लागले. पांढरे शुभ्र, दोन दिवस कुटलेले. दगडावर ढीग झाला, काठावरून खाली ओघळायला लागला. तो "अगं, अगं" म्हणत होता. मी अर्धं टोपलं रिकामं केलं, मग थोडं आणखी, एकटीला झेपेल एवढं होईपर्यंत. मग खाली वाकून ते डोक्यावर घेतलं आणि चालू लागले.

मागे चिमण्यांचा कलकलाट झाला. तो अजून उभा होता की गेला ते मला माहीत नाही. डोक्यावर टोपलं असताना मागे वळून बघता येत नाही. बाजारापर्यंत मी रडत गेले, आणि नात विचारते तेव्हा मी तिला सांगते की पोह्यांसाठी रडले. बाजारात मिरचीवालीने माझं टोपलं उतरवून घेतलं, आत डोकावून पाहिलं आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने आपलं टोपलं सरकवून मला मधोमध जागा करून दिली.